अक्काची डिस्क आणि माझा संकल्प

विघ्नहर्त्या गजाननाला, कुलस्वामिनी सप्तशृंगीला आणि जिच्या काठी आमचे अन्नपाणी लिहिलेले होते त्या तापीमाईला वंदन करून, गेल्या खंडेनवमीच्या निमित्ताने प्रारंभीच नमूद करतो, की या लेखातील संगणक हयात आहे. त्याच्याविषयी सुरतेतल्या अडाजणच्या आमच्या सोसायटीत जे काही बोलले जाते, त्यात तथ्य नाही. तो जुनी माणसे ओळखतो. नव्या वस्तू ओळखत नाही, इतकेच. हा दोष मानलाच, तर तो आमच्या घरात दोघांना आहे.

हा संगणक आम्ही वसूच्या, म्हणजे आमच्या एकुलत्या कन्येच्या, लग्नाआधी घेतला. उधन्याच्या मराठी शाळेत मी तेव्हा संस्कृत शिकवीत असे. स्तोत्रांवरच्या माझ्या टिपा त्यात टंकलेल्या आहेत, आणि त्या ज्या जुन्या अक्षरवळणात आहेत ते वळण फक्त त्यालाच येते. नव्या यंत्रावर नेल्या की माझे सगळे अनुष्टुभ् छंद प्रश्नचिन्हांच्या माळा होऊन अवतरतात! म्हणून मी त्याला सोडीत नाही. दर खंडेनवमीला, शस्त्रे आणि अवजारे पूजण्याच्या रिवाजाप्रमाणे, त्याच्या कपाळी स्वस्तिक रेखतो. आदल्या वर्षीचे पुसायचे नाही, हा आमचा नियम. त्यामुळे त्याच्या पत्र्यावर कुंकवाचे इतके थर साचले आहेत, की पहिल्यांदा पाहणारा त्याला नमस्कारच करतो. (कुरिअरवाला करतो. मी पाहिले आहे.)

आता अक्काविषयी. अक्का माझी थोरली बहीण, अमळनेरला दिलेली. आई माझ्या लहानपणीच गेली. तेव्हापासून मला न्हाऊमाखू घालण्यापासून कान धरण्यापर्यंत सर्व खाती तिच्याकडे होती. माझ्या मुंजीत मातृभोजनाला मी बसलो तो तिच्याच मांडीवर. अक्काचा गळा गोड होता असे म्हणणे सत्याला धरून होणार नाही. तो खणखणीत होता, वरच्या पट्टीत फाटत असे, आणि फाटला की ती त्याच तोऱ्यात पुढे जात असे. वसूच्या लग्नासाठी मी शार्दूलविक्रीडित वृत्तात आठ मंगलाष्टके रचली, आणि ती अक्कानेच म्हटली.

म्हटली, पण ती ऐकायची कुठे? लग्नाचे चित्रण करणाऱ्या गृहस्थांनी पुढे आम्हाला जी चित्रफीत करून दिली, तीत मंगलाष्टकांच्या जागी सनई घातली. आमचे जावई त्यात एका फिरत्या कमळातून उगवतात. नंतर नवराबायको हिमशिखरांवरून उडत जातात. (लग्न उधन्याच्या वाडीत, म्हणजे कार्यालयात, झाले होते, आणि वैशाखात!) या साऱ्या सोहळ्यात अक्काचा फक्त एक हात दिसतो. अक्षता देणारा, हिरव्या बांगड्यांचा हात. पापणी लवली की गेला. अक्का जाऊन आता बरीच वर्षे झाली. दर भाऊबिजेला मी ती फीत लावतो, कमळ सोसतो, हिमालय सोसतो, आणि तो हात पाहून पाटावरून उठतो.

तर गेल्या नवरात्रात वसूचा बंगळूरहून फोन आला.

"बाबा, लग्नाच्या मूळ कॅसेटी सापडल्या! न कापलेल्या. त्या शूटिंगवाल्या काकांचा मुलगा दुकान बंद करत होता, त्यानं पाठवून दिल्या. मी सगळ्या डिस्कवर उतरवून घेतल्यात. मोठ्ठी डिस्क आहे. कुरिअर केलीय."

"त्यात अक्का आहे?" मी विचारले.

"असणारच की. मी अजून पाहिलं नाहीये. म्हटलं, आधी तुम्ही पाहा."

अष्टमीला डिस्क आली. तळहातावर मावेल एवढी काळी डबी. आमच्या सौ. सुमतीबाई तिला पदराने पुसत म्हणाल्या, "लावा की लगेच!"

"उद्या खंडेनवमी आहे," मी म्हणालो. "नवे उपकरण घरात आले आहे, तेही अक्काला घेऊन. आधी पूजा, मग उपयोग."

"अहो, ती इतक्या लांबून आलीय आणि तुम्ही तिला उंबऱ्यावर ताटकळत ठेवणार?"

"उंबऱ्यावर नाही. देवघरात."

यावर सुमतीबाईंनी माझ्याकडे ज्या दृष्टीने पाहिले, ती दृष्टी अक्काची होती. नणंद-भावजयीचे उभ्या आयुष्यात एका पदार्थावर एकमत झाले नाही, पण माझ्याकडे पाहण्याची रीत दोघींची एकच! "माझी पुरणपोळी फाटते असं तोंडावर सांगणारं आता कोणी उरलं नाही हो," असे त्या मध्येच कधीतरी म्हणतात.

नवमीला सकाळी मी डिस्कची यथासांग पूजा केली. पंचामृताचा मोह टाळला. (ही गोष्ट माझ्या बाजूची म्हणून नोंदवून ठेवावी.) तुळशीपत्राने हलके प्रोक्षण केले, गंध लावले, हळदकुंकू वाहिले, आणि भक्तिभावाने मूठभर अक्षता. मग डिस्क उचलून संगणकापाशी नेली, तार घेतली आणि लावू लागलो. तार जाईना.

"उलटी धरलीय," सौ. म्हणाल्या.

उलटी केली. जाईना. पुन्हा सुलटी केली. जाईना!

सुमतीबाईंनी डिस्क हातात घेतली, उजेडाकडे धरली आणि एक डोळा मिटून तिच्या चिंचोळ्या तोंडात डोकावल्या. "तांदूळ आहे," त्या म्हणाल्या.

"कुठे?"

"जिथं तार जाते तिथं. अक्षत! आणि तिला कुंकू लागलंय."

क्रोशाच्या सुईने ती अक्षत बाहेर निघाली. फुंकर मारली, तेव्हा कुंकवाचा एक लहानसा ढग निघाला आणि माझ्या चष्म्यावर स्थिरावला. त्यानंतर तार गेली. डिस्कवर दिवा लागला. आम्ही दोघांनी हात जोडले. दिवा विझला. आतून 'किर्र... टक्, किर्र... टक्' असा आवाज येऊ लागला, कोणी बंद दाराआडून कडी हलवत असावे तसा. पडद्यावर मात्र काही नाही. माझ्या संगणकाला आपल्या दारात कोणी उभे आहे याची वार्ताच नव्हती!

"कुंकवानं बिघडली," सौ. म्हणाल्या.

"कुंकवाने काही बिघडत नाही," मी ठामपणे म्हणालो. मनातून मी गार झालो होतो.

अशा प्रसंगी आमच्या मजल्यावर जयंतीभाई हे एकच दैवत आहे. समोरच्या घरात राहतात. आयुष्य साड्यांच्या व्यापारात गेले. धुळ्या-जळगावच्या गिऱ्हाइकांमुळे मराठी उत्तम बोलतात, फक्त लिंग आणि वचन परमेश्वरावर सोडतात. त्यांना येत नाही अशी विद्या नाही, आणि त्यांनी दुरुस्त केलेली वस्तू पुन्हा दुरुस्त करता येत नाही. मी हाक मारण्याआधीच ते आले, कारण आवाज त्यांच्या घरापर्यंत गेला होता. (डिस्कचा नव्हे. आमचा.)

"अरे शास्त्रीजी, टेन्शन नहीं लेवानु!" त्यांनी डिस्क कानाला लावली, हलवली आणि निदान केले. "तुमच्या कंप्युटरची पोट केवढी?"

"चाळीस," मी म्हणालो. कसले चाळीस ते मला कधीच नीट उमगले नव्हते, पण घेताना दुकानदाराने हा आकडा फार आदराने उच्चारला होता.

"आणि हा डिस्क?"

सुमतीबाईंनी खोका वाचला. "दोन टीबी. म्हणजे वसू म्हणाली, दोन हजार."

"जुओ!" जयंतीभाईंनी टाळी वाजवली. "चालीस मीटरना रोल ऊपर बे हजार मीटरनो ताको तुम्ही चढवता! रोल बिचारा काय करेल? तो डोळेच बंद करून घेईल."

दृष्टांत मला पटला. दुर्दैवाने पटला. सुरतेत राहून कापडाचा दृष्टांत नाकारणे कठीण असते.

"मग उपाय?"

"ताकद कमी पडते. दोन शेपटीवाली तार लावू. दोन ठिकाणाहून करंट खेचेल." आणि काय सांगू, चौकातल्या मोबाइलच्या दुकानातून त्यांनी खरोखरच तशी दोन शेपट्यांची तार आणली, दोन्ही शेपट्या संगणकाच्या पाठीमागे लावल्या, आणि डिस्कची किरकिर थांबून ती शांतपणे घुमू लागली! आयुष्यात प्रथमच जयंतीभाईंचा एक उपाय लागू पडला होता. तिथेच घात झाला. त्यांचा दुसरा उपाय आता कोण नाकारणार?

पडद्यावर नव्या डिस्कचे चिन्ह उमटले. मी त्यावर उंदीर टेकवला. संगणकाने थोडा विचार केला आणि इंग्रजीत विचारले : ही डिस्क फॉरमॅट केलेली नाही. आता करायची का?

"हे काय विचारतो आहे?" मी म्हणालो.

"फॉरमॅट एटले साफसफाई," जयंतीभाई म्हणाले. "नवा माल दुकानात आला की आपण झटकून, घडी घालून, मगच कप्प्यात ठेवतो ना? तसा. हो म्हणा!"

माझे मन भरून आले. याला म्हणतात संस्कार! बाहेरून आलेल्याला आधी शुद्ध करून मगच घरात घ्यावे, हे माझ्या जुन्या संगणकाला कोणी शिकवले असेल? इतकी वर्षे कपाळी कुंकू लावल्याचे हे फळ, असेच मला वाटले. मी 'हो' म्हणालो. त्याने एक चौकट उघडली. जयंतीभाईंनी तिच्यातले 'सुरू'चे बटण दाबले. त्याने आणखी एक चौकट उघडली. तीत पिवळा त्रिकोण होता आणि बराच मजकूर.

"हे शेवटचा," जयंतीभाई म्हणाले. "ओके दाबा, काम संपला."

"थांबा," मी म्हणालो. "संस्कार करायचा तर संकल्प हवा."

"अहो, आता संकल्प कशाला?" स्वयंपाकघराच्या दारातून सौ. म्हणाल्या. "त्या डबीवर?"

"तिच्यात अक्का आहे," मी म्हणालो. यावर त्या चहा टाकायला आत वळल्या.

मी पळीपंचपात्र आणले आणि संगणकासमोर बसलो. पण येथे एक शास्त्रीय अडचण उभी राहिली. संकल्पाचे पाणी उजव्या हाताच्या तळव्यात घ्यायचे असते. मग उंदीर कोणत्या हाताने दाबायचा? डाव्या हाताने शुभकार्य मी जन्मात केलेले नाही. शेवटी ठरले असे : मी यजमान, जयंतीभाई माझा उजवा हात.

"शेवटी मी 'करिष्ये' म्हणेन," मी त्यांना समजावले. "तो शब्द ऐकला की दाबा. त्याआधी नाही."

"करिष्ये. ओके," जयंतीभाई म्हणाले आणि नेमबाजाप्रमाणे उंदरावर बोट रोखून बसले.

मी तळव्यात पाणी घेतले, डोळे मिटले आणि प्रारंभ केला. माझा संकल्प थोडा सविस्तर असतो, हे मी मान्य करतो. विष्णूच्या आज्ञेपासून निघायचे, ब्रह्मदेवाच्या दुसऱ्या परार्धात उतरायचे, कल्प, मन्वंतर, युग, मग भरतखंड, मग नदी. सुरतेला आलो तेव्हा गोदावरीच्या जागी तापी म्हणावे की नाही यावर मी दीर्घ चिंतन केले होते. (सौ. म्हणतात, तेवढ्या अवधीत आमचे रेशन कार्ड दोनदा बदलून झाले.) शेवटी 'तापी-उत्तरतीरे' हे कायम केले. तिथपर्यंत सुखरूप आलो. पुढे वर्ष.

"शालिवाहन शके..." मी म्हणालो.

"हां हां हां!" जयंतीभाई मध्येच म्हणाले. "शालिवाहन केम? सुरतमां रहो छो! विक्रम संवत बोलो ने!"

मी डोळे मिटलेलेच ठेवले. "आपण नर्मदेच्या दक्षिणेला आहोत, जयंतीभाई. येथे शालिवाहनच."

"अरे पण आख्खा गाम विक्रम लिहितो! माझा दुकानची वही विक्रम! दाबणारा मी, मग वरस पण मारो जोईए के नहीं?"

मुद्दा अगदीच टाकाऊ नव्हता. कर्माचा निम्मा भार ज्याच्या बोटावर, त्याच्या संवत्सराचा उच्चार व्हावा काय? मी विचारात पडलो. तळव्यातले पाणी थेंबथेंब गळू लागले. दोन्ही वर्षे घ्यावीत तर कोणते आधी? मी म्हणालो, "आधी शालिवाहन, मग 'तथा च' म्हणून विक्रम."

"आधी विक्रम!"

"तुम्हाला दाबायचे आहे की नाही?"

"दाबायचा आहे म्हणून तर बोलतो ने!"

हा वाद चालू असताना सुमतीबाई चहा घेऊन आल्या होत्या. दोन विद्वान भांडत असताना त्यांना करण्यासारखे दुसरे काही नव्हते, म्हणून त्या पडद्यावरचा मजकूर वाचू लागल्या. पिवळ्या त्रिकोणाशेजारचा. सावकाश, अक्षर अक्षर लावून. मी शेवटी मन मोठे करून विक्रम संवत आधी घेतले, शालिवाहन नंतर, अयन, ऋतू, मास, पक्ष, तिथी म्हणत वेगाने उताराला लागलो, आणि...

"अहो!" सुमतीबाई किंचाळल्या. "करिष्ये म्हणू नका!"

वाचकहो, सुरू केलेला संकल्प अर्धवट सोडणे हा दोष आहे. इतक्या वर्षांत मी एकही सोडलेला नाही. भूकंपाचा धक्का बसला तेव्हाही नाही. माझी जीभ उतारावर होती. तिला थांबण्याची सवयच नाही.

"सगळं पुसून जाईल म्हणतोय तो! सगळं!"

मी डोळे उघडले. सौ. चहासकट भिंतीकडे धावल्या आणि त्यांनी खटक्याला हात घातला. त्याच क्षणी माझ्या तोंडून, माझी काहीही परवानगी न घेता, तो शब्द बाहेर पडला :

"...करिष्ये."

आणि जयंतीभाईंनी, आपल्या शब्दाला जागणाऱ्या सज्जन व्यापाऱ्याप्रमाणे, दाबले.

टक्.

पडदा काळा झाला. तळव्यातले सर्व उदक कळफलकावर सांडले. सुमतीबाई भिंतीपाशी खटका धरून उभ्या होत्या. डिस्कचे घुमणे हळूहळू मंदावले आणि थांबले.

"आधी मी बंद केलं," त्या अगदी हलक्या आवाजात म्हणाल्या, "की आधी तुम्ही दाबलं?"

कोणालाच सांगता येईना. जयंतीभाई स्वतःच्या बोटाकडे पाहत राहिले. "सुमतीबेन," ते म्हणाले, "माफ करजो. मी तर फक्त करिष्ये ऐकला."

वसूला फोन लावला. सर्व हकिगत तिला मी सांगितली. म्हणजे भरतखंडापर्यंत सांगितली, पुढची सौ.नी माझ्या हातून फोन घेऊन सांगितली.

"बाबा! तुम्ही फॉरमॅटला हो म्हणालात?"

"मी म्हणालो नाही. मी संकल्पात होतो."

"मग बटण कोणी दाबलं?"

"जयंतीभाईंनी."

"कोणाच्या सांगण्यावरून?"

मी चष्म्यावरचे कुंकू पुसले. मग विचारले, "वसू, मूळ कॅसेटी आहेत ना?"

"नाहीत, बाबा. सगळ्यांना बुरशी होती. उतरवणारा म्हणाला, एकदाच चालतील. एकदाच चालल्या." मग ती सावकाश म्हणाली, "दुसरी प्रत मी दिवाळीत करणार होते. आता एक करा. त्या डब्याला ती डिस्क पुन्हा लावू नका. तो फार जुना आहे, त्याला नव्या डिस्कची मांडणी वाचताच येत नाही. आणि त्याला वाचता येत नाही, म्हणून तो ती कोरी आहे असं समजतो."

असे परीक्षक मी पाहिले आहेत. आपल्या संगणकात मात्र मला तसा कोणी कधी दिसला नव्हता.

"नवा लॅपटॉप कोणाकडे आहे का?" वसूने विचारले.

होता. जयंतीभाईंची सून हेतल घरबसल्या साड्या विकते, तिच्याकडे होता. पण ती माल आणायला कामरेजला गेली होती, लॅपटॉप तिच्याबरोबर, आणि मुक्काम माहेरी. परतणार दसऱ्याला सकाळी. तोवर काही करण्यासारखे नव्हते. सुमतीबाईंनी डिस्क पुन्हा देवघरात ठेवली. मी जवळ गेलो, तशा म्हणाल्या, "नमस्कार करा. लांबूनच करा. आणि हात रिकामे दाखवा आधी."

संध्याकाळी खाली गरब्याचे ढोल सुरू झाले. आम्ही दोघे जेवायला बसलो. सौ.नी एकदम विचारले, "अक्का ते दुसरं मंगलाष्टक कसं उचलायच्या हो?"

मी आठवू लागलो. शब्द माझेच, त्यामुळे ते आले. चाल आली. तिचा आवाज मात्र येईना. माझ्या डोक्यात सनई वाजू लागली. इतकी वर्षे ती फीत पाहून पाहून त्या चित्रण करणाऱ्याने माझ्या आठवणीतूनही अक्काला काढून टाकले होते! मी ताटावरून तसाच उठलो.

दसऱ्याला सकाळी आम्ही आपट्याची पाने आणि डिस्क घेऊन समोरच्या घरी गेलो. सुरतेचा दसरा म्हणजे फाफडा-जलेबी. जयंतीभाईंकडे परात भरून मांडलेली होती, पण कोणी हात लावीना. हेतलने लॅपटॉप उघडला, तार घेतली, डिस्कच्या तोंडात कुंकू पाहिले आणि विचारले, "काका, आमां कंकू केम छे?"

"मोठी गोष्ट आहे," जयंतीभाई म्हणाले. "तू लाव."

तिने लावली. दिवा लागला. लॅपटॉपने काही विचारले नाही, बजावले नाही, पिवळा त्रिकोण दाखवला नाही. एक खिडकी उघडली. तीत वसूने दिलेल्या नावाचा एक कप्पा होता, आणि त्यात कॅसेटींची रांग.

"छे! बधुं छे!" हेतल म्हणाली, म्हणजे सगळे शाबूत होते. जयंतीभाईंनी आपले बोट डोळ्यांना लावून त्याला नमस्कार केला. सुमतीबाई खुर्चीत बसल्या. एवढा वेळ उभ्या होत्या हे त्यांच्या ध्यानातच नव्हते.

न कापलेले लग्न ही काय चीज असते ते मी त्या दिवशी जाणले. आधी बराच वेळ चित्रण करणाऱ्याचा स्वतःचा बूट दिसला. मग छताचा पंखा. मग काळ्याभोर केसांचे जयंतीभाई बासुंदीची वाटी संपवून दुसरी उचलताना, आणि तिसरीही. ("ए फॉरवर्ड कर!" ते सुनेला म्हणाले.) मग विहीणबाई, त्यांच्या कानातले, पुन्हा पंखा. आणि मग अंतरपाट.

अक्का उजवीकडे उभी होती. हिरव्या काठाचे लुगडे, नाकात नथ, हातात माझ्या अक्षरातला कागद. तो तिने एकदाही पाहिला नाही. तिने मान वर केली आणि पहिले मंगलाष्टक उचलले.

खणखणीत. आवाज वरच्या पट्टीत गेला, फाटला, आणि अक्का तशीच पुढे गेली.

जगभर मी सांगत आलो आहे, की माझी आठही मंगलाष्टके त्या दिवशी म्हटली गेली. नाही म्हटली गेली. चौथ्यानंतर अक्का थांबली. तिने बाजूला पाहिले. तिथे एक गृहस्थ, अक्षता मुठीत आवळून, चष्मा काढून, लहान मुलासारखे रडत उभे होते. अक्का भटजींकडे वळून खालच्या आवाजात म्हणाली, "गुरुजी, बाकीची राहू द्या. माझ्या भावाच्यानं उभं राहवत नाहीये."

माझ्या शेजारी सौ.नी पदर डोळ्यांना लावला. हेतलने आवाज थोडा मोठा केला.

पुढच्या कॅसेटीत भटारखाना होता. अक्का पंगतीच्या पानांवरून नजर फिरवीत कॅमेऱ्याच्या दिशेने आली. "अण्णा कुठे आहे?" तिने कोणाला तरी माझ्याविषयी विचारले. "त्याचा संकल्प अजून चालूच आहे का? अरे, नवरी म्हातारी होईल अशानं! त्याला सांगा..."

"थांबव," मी हेतलला म्हणालो.

तिने थांबवले. पडद्यावर अक्का, तोंड उघडे, बोट वर केलेले, जसे ते आयुष्यभर माझ्यापुढे होते.

मी खुर्ची पुढे ओढली. "अक्का," मी म्हणालो, "ऐक. जन्मभर तू माझ्या संकल्पाला हसलीस. काल तो आटोपशीर असता, तर तू पुसली गेली असतीस. समजलीस? शालिवाहन की विक्रम, यावर आम्ही अडलो म्हणून सुमतीला वाचायला वेळ मिळाला." मग मी तिला सर्व सांगितले. अक्षत, क्रोशाची सुई, दोन शेपट्यांची तार, सगळे. घरातली माणसे अदबीने ऐकत होती. अक्काही ऐकत होती. साठ-सत्तर वर्षांत पहिल्यांदाच तिने माझे बोलणे शेवटपर्यंत ऐकून घेतले. मध्ये तोडले नाही, 'मुद्द्याचं बोल' म्हणाली नाही.

गोष्ट काही रंगली नाही.

तेव्हा सुमतीबाईंनी पुढे वाकून, कोणाला न विचारता, कोणताही संकल्प न सोडता, स्वतःच्या बोटाने ते बटण दाबले, आणि अक्काचे वाक्य जिथे अडले होते तिथून पुढे आले :

"...पुरे झालं म्हणावं आता. पान वाढलंय. ये म्हणावं जेवायला."

मी उठलो. खरोखरच उठलो! उभा राहिल्यावर ध्यानात आले, की जायचे कुठे. जयंतीभाईंनी फाफड्याची परात माझ्यापुढे केली. "बसा, शास्त्रीजी. इथे पण पान वाढलेला आहे."

आता त्या डिस्कच्या तीन प्रती आहेत. एक बंगळूरला, एक हेतलकडे, एक आमच्या देवघरात, अक्षतांपासून हातभर दूर. जुना संगणक जागेवर आहे. कळफलकात संकल्पाचे पाणी गेल्यापासून त्याचा 'र' उमटत नाही, त्यामुळे माझ्या टिपांत सध्या ईश्वराचे नाव घेणे अवघड झाले आहे. पण त्याला मी रागावलो नाही. ज्याला जे वाचता येत नाही ते त्याला कोरे वाटते, आणि या वयात मी कोणाकोणावर रागवावे?

वाचकहो, श्रीगजानन तुमचे आणि तुमच्या घराचे कल्याण करो. तुमच्या घरातल्या जुन्याला नव्याची ओळख पटो, नव्याला जुन्याची आच राहो. तुम्हाला जेवायला हाक मारणारा आवाज तुमच्या घरी दीर्घकाळ नांदो. तो फाटका असला तरी सनईने झाकला न जावो. आणि त्याने हाक मारली, की हातातले काम टाकून पहिल्या हाकेला उठण्याची बुद्धी, जी मला कधी झाली नाही, ती तुम्हाला होवो. शुभं भवतु.

(सौ. दारात उभ्या आहेत. म्हणतात, आशीर्वादसुद्धा लांबला, आणि आमटी निवली.)